पाव गुंठ्यातील भोपळा : सीमाभागात नवशिक्यांची स्पर्धा कशी भरवावी?

गोव्यातील भाजीबाजाराची पहाट बेळगावहून येणाऱ्या टेम्पोंनी उजाडते, हे आता कोणाला वेगळे सांगावयास नको. चोर्ला घाटातील वाहतूक एक दिवस खोळंबली तरी म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारांत त्याची चर्चा होते. या टेम्पोंतून कोबी, वांगी, मिरची, कोथिंबीर येते आणि त्यांच्याबरोबर तांबडा भोपळाही येतो. गोव्यात आपण त्याला दुदी म्हणतो. विक्रेत्याला विचारले तर ‘बेळगावचा माल’ एवढेच उत्तर मिळते. तो कोणत्या गावात पिकला, कोणी पिकविला, त्याचे बियाणे कोठून आले, याची नोंद कोठेही नसते. पिकविणाराही ती ठेवत नाही, कारण बाजारात तिची विचारणा होत नाही.

बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात महाकाय भोपळ्यांची एखादी स्थानिक स्पर्धा भरविता येईल का, असा प्रश्न केला तर प्रथम हसू येईल. परंतु जगात जेथे जेथे अशा स्पर्धा रुजल्या, तेथे त्यांनी शेतकऱ्याला आणि हौशी बागाईतदाराला दोन सवयी लावल्या. पहिली सवय बियाण्याला नाव देण्याची आणि दुसरी वही लिहिण्याची. सीमाभागात या दोन्हींची गरज आहे. म्हणून प्रथमच भोपळा लावणाऱ्यांसाठी अशी स्पर्धा कशी आखता येईल, ते या लेखात क्रमाने पाहू.

साठ किलोंपासून सुरुवात

कॅनडातील गोडरिच गावच्या विल्यम वॉर्नॉक यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ४०० पौंडांचा भोपळा मांडला. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात त्यांनी ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा नेला. हा विक्रम १९७६ पर्यंत, तब्बल ७२ वर्षे अबाधित राहिला. खते आली, यंत्रे आली, तरी वजन पुढे सरकले नाही.

पुढचे पाऊल पडले ते बियाण्याच्या निवडीमुळे. कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसर येथील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे मोठ्या फळांचे बी निवडून ‘अटलांटिक जायंट’ हे वाण तयार केले. १९८१ साली त्यांच्या भोपळ्याचे वजन ४९३.५ पौंड भरले. १९९६ साली हजार पौंडांची आणि २०१२ साली दोन हजार पौंडांची मर्यादा ओलांडली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील इयन व स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांच्या भोपळ्याचे वजन १,२७८.८ किलो भरले. आज जगातील जवळजवळ प्रत्येक विक्रमी फळाची वंशावळ डिल यांच्या बियाण्यापर्यंत मागे जाते.

नवशिक्यांनी याहून अधिक लक्षात ठेवावे असे उदाहरण कॅलिफोर्नियातील हाफ मून बे या गावाचे आहे. तेथे १९७४ साली पहिली स्पर्धा झाली, तेव्हा विजेता भोपळा १३२ पौंडांचा, म्हणजे साधारण ६० किलोंचा होता. त्याच गावच्या काट्यावर २०२३ साली १,२४७ किलोंचे फळ चढले आणि ते त्या वेळचा जागतिक विक्रम ठरले. पहिल्या वर्षी साठ किलोंवर समाधान मानणारे लोक होते, म्हणून पुढची वर्षे आली. सीमाभागातील संयोजकांनीही पहिल्या वर्षी विक्रमाची भाषा करू नये. पाच-सात किलोंचा भोपळा पाहण्याची सवय असलेल्या गावात ३० किलोंचे फळ उभे राहिले, तरी ते पाहावयास गर्दी होईल.

आपला भोपळा आणि तो भोपळा

आपल्या बाजारातील खोलगट शिरांचा, पिकल्यावर तपकिरी होणारा भोपळा बहुधा ‘मोस्काटा’ जातीचा असतो. त्याचा देठ कठीण, पाच कडांचा आणि फळाला चिकटतो तेथे पसरट असतो. विक्रमी भोपळे ‘मॅक्सिमा’ जातीचे असतात. त्यांचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ असतो. या दोन जातींचा परस्पर संकर सहजी होत नाही. दोन्हींचे मूळ अमेरिका खंडात आहे.

वजनातील फरकही मोठा आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या ‘को-१’ या वाणाचे फळ साधारण सात-आठ किलोंचे होते. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का चंदन’ दोन-तीन किलोंचे असते, कारण ते घरगुती स्वयंपाकासाठीच निवडले गेले आहे. मोठे फळ हे वाणाचे पहिले देणे असते. मेहनत त्या मर्यादेच्या आतच काम करते. म्हणून स्पर्धेत दोन गट ठेवणे न्याय्य ठरेल. पहिला गट गावठी बियाण्याचा, ज्यात सहभागी व्यक्तीने आपल्या घरचे किंवा गावातील बी वापरावे. दुसरा गट समान बियाण्याचा, ज्यात संयोजकांनी एकाच पाकिटातील मोठ्या वाणाचे बी सर्वांना सारखे वाटावे. दुसऱ्या गटात बी सारखेच असल्याने वजनातील फरक जमिनीचा आणि निगराणीचा असेल, आणि नवशिक्याला शिकावयाचे असते ते नेमके हेच.

हंगाम आणि जागा

उत्तर अमेरिकेत आणि युरोपात उन्हाळ्याचा दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो आणि हवा सौम्य असते. आपल्याकडे तसे हवामान नाही. बेळगावच्या पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात आणि पानांवर रोग पडतात. एप्रिल-मेच्या उन्हात फुले गळतात. त्यामुळे परतीचा पाऊस ओसरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचा काळ हाच स्पर्धेचा हंगाम ठरतो. मोठ्या भोपळ्याला पेरणीपासून १२० ते १३० दिवस लागतात. दसऱ्याच्या सुमारास बियाणे वाटप, ऑक्टोबरच्या मध्यावर पेरणी आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या रविवारी वजन, असे वेळापत्रक बसते. दसऱ्याला आपण सोने म्हणून आपट्याची पाने देतो, त्याबरोबर त्या दिवशी चार बियाही द्याव्यात.

एक अडचण ध्यानात घ्यावी. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या मातीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात आणि थंडीत वेलाची वाढ मंदावते. निपाणी-चिकोडीकडे काळी जमीन आहे आणि हवा थोडी उबदार आहे. एकाच यादीत सर्वांना बसविले तर पश्चिमेकडील गावे पहिल्याच वर्षी निराश होतील. म्हणून बेळगाव-खानापूर आणि निपाणी-चिकोडी अशा दोन विभागांत स्वतंत्र क्रमांक काढावेत आणि एकूण विजेता त्यानंतर जाहीर करावा.

जागेचे बंधनही सर्वांना सारखे असावे. एका वेलाला पाव गुंठा, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट जागा पुरते. अधिक जागा वापरता येणार नाही, असा नियम केला तर चार एकरांचा मालक आणि परसबागेतील गृहिणी एका पातळीवर येतात. शाळांनाही एवढी जागा सापडते.

खड्ड्यापासून फळापर्यंत

दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात तीन-चार पाट्या पूर्ण कुजलेले शेणखत मातीत मिसळून तो भरावा आणि वर थोडा उंचवटा ठेवावा, म्हणजे ऑक्टोबरच्या अवकाळी सरीचे पाणी बुडाशी साचणार नाही. बी रात्रभर भिजवून पानाच्या द्रोणात मातीसह लावावे. भोपळ्याच्या मुळांना धक्का सोसत नाही. दोन खरी पाने आली की द्रोणासकट रोप खड्ड्यात बसवावे, द्रोण मातीतच कुजून जातो. प्रत्येकाने दोन रोपे लावावीत आणि दहा दिवसांनी सशक्त असेल ते एकच ठेवावे. उरलेले रोप उपटताना जीव हळहळतो, पण नवशिक्याची पहिली परीक्षा तेथेच होते.

वेल धावू लागला की मुख्य वेल सरळ नेऊन बाजूच्या फांद्या दोन्ही अंगांना काटकोनात पसराव्यात. प्रत्येक पेरापाशी वेलावर ओंजळभर माती टाकावी. तेथे नवी मुळे फुटतात आणि फळाला अधिक अन्नपाणी मिळते. प्रथम नरफुले येतात. मादीफुलाच्या खाली लिंबाएवढे छोटे फळ दिसते, त्यावरून ते ओळखावे. मुख्य वेलावर बुडापासून दहा फुटांच्या पुढे आलेले मादीफूल निवडावे. उमलण्याच्या आदल्या सायंकाळी त्यावर आणि एका नरफुलावर पातळ कापडाची पिशवी बांधावी. पहाटे नरफुलाच्या पाकळ्या काढून त्यातील परागकण मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावेत आणि पिशवी पुन्हा बांधावी. सकाळी नऊनंतर फूल मिटू लागते, त्यामुळे उशीर करू नये.

फळ धरल्याची खात्री पटली की वेलावरील इतर सर्व फळे काढून टाकावीत. एक वेल, एक फळ हा या खेळाचा कणा आहे. फळाखाली वाळूचा थर किंवा भाताचा पेंढा घालावा, म्हणजे बुड कुजत नाही. वरून जुन्या लुगड्याची सावली करावी. कडक उन्हाने साल लवकर टणक होते आणि आतून वाढणारे फळ तडकते. पाणी ठरावीक वेळी आणि ठरावीक मापाने द्यावे. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर हमखास तडे जातात. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, हे विसरू नये.

शत्रू चार मानावेत. रोपावस्थेत तांबडे भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. सकाळी ते सुस्त असताना हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. त्यासाठी क्यू-ल्युरचा सापळा लावावा आणि फळ मुठीएवढे होईपर्यंत ते कापडाने झाकावे. थंडीत पानांवर भुरी येते आणि दव अधिक पडल्यास केवडा. त्यासाठी पानांवर पाणी न मारता बुडाशी द्यावे. औषध फवारावेच लागले तर सायंकाळी फवारावे. सकाळची वेळ मधमाश्यांची असते, आणि त्यांचे नुकसान म्हणजे शेजारच्या सर्व वेलवर्गीय पिकांचे नुकसान.

नियम आधी, वेल नंतर

गावपातळीवरील स्पर्धा मोडतात त्या बहुधा निकालाच्या दिवशी. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाची पीक स्पर्धा सीमाभागातील शेतकऱ्यांना कोल्हापूरकडील नातेवाइकांमुळे परिचित आहे. तीत समितीसमोर पिकाची कापणी करून उत्पादन मोजले जाते आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा पातळ्यांवर क्रमांक ठरतात. सर्वांसमक्ष मोजणी हे तिचे तत्त्व येथेही घ्यावे.

भोपळ्याच्या स्पर्धेत सर्वांत सोपी लबाडी म्हणजे बाजारातून किंवा दुसऱ्याच्या शेतातून फळ आणणे. तिच्यावर एक जुना आणि निर्दोष उपाय आहे. फळ नारळाएवढे असताना परीक्षकांनी शेतावर जाऊन खिळ्याच्या टोकाने सालीवर नोंदणी क्रमांक हलकेच ओरखडावा. जखम भरून येते आणि फळ वाढेल तसा क्रमांकही वाढत जातो. तो बदलता येत नाही आणि नव्याने कोरला तर ओळखू येतो. डिसेंबरमधील ही एक फेरी सर्व तक्रारींचे मूळ छाटते. शिवाय परीक्षक आणि स्पर्धक शेताच्या बांधावर भेटतात, हा तिचा वेगळा लाभ आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील काही नियम जसेच्या तसे घ्यावेत. फळ कुजलेले नसावे. आतल्या पोकळीपर्यंत पोहोचलेली भेग किंवा छिद्र असेल तर ते केवळ प्रदर्शनात मांडावे, क्रमांकासाठी धरू नये. देठाजवळ वेलाचा तुकडा इंचभरापेक्षा अधिक ठेवू नये. एका व्यक्तीचे एका गटात एकच फळ. परीक्षक तिघे असावेत : एक कृषी किंवा बागायत खात्यातील जाणकार, एक शिक्षक आणि एक भाजीचा अडत्या. तिघांपैकी कोणाचेही नातलग स्पर्धेत नसावेत. नियमपत्रक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापावे आणि बियाण्याच्या पाकिटाबरोबरच हाती द्यावे.

जाणकारांची या जिल्ह्यात वाण नाही. अरभावी येथे बागायती महाविद्यालय आहे, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ फार दूर नाही. पेरणीपूर्वी एक आणि फुलोऱ्याच्या वेळी एक, अशी दोन शिबिरे त्यांच्या मदतीने घेता येतील.

वजनाचा दिवस

वजनासाठी ट्रकचा मोठा काटा उपयोगाचा नाही, कारण तो लहान फरक दाखवत नाही. गुळाच्या किंवा भाजीच्या अडतीत असतो तसा तीनशे किलोपर्यंतचा प्लॅटफॉर्म काटा मागवावा. त्यावर वैधमापन खात्याचा चालू मुदतीचा शिक्का आहे का, हे आदल्या दिवशी पाहावे. सकाळी सर्वांदेखत प्रमाणित वजने ठेवून काटा तपासावा. हा पाच मिनिटांचा विधी पुढचे पाच तास शांततेत घालवितो.

भोपळा कधीही देठाला धरून उचलू नये. घोंगडे किंवा ताडपत्रीचा तुकडा फळाखाली सरकवून चौघांनी चार कोपरे धरावेत. टेम्पोत पेंढ्याची जाड गादी करावी. लहान फळे प्रथम आणि मोठी शेवटी, या क्रमाने वजन करावे, म्हणजे प्रेक्षक अखेरपर्यंत थांबतात आणि लहान फळ आणणाऱ्यालाही टाळ्या मिळतात. प्रेक्षकांसाठी वजनाचा अंदाज सांगण्याची चिठ्ठी ठेवावी.

बक्षिसे रोख नसावीत. पाठीवरचा फवारणी पंप, ठिबकचा संच, चांगले विळे व खुरपी ही बक्षिसे घरी गेल्यावर उपयोगी पडतात. सर्वांत जड फळाइतकाच मान सर्वांत चांगल्या वहीला द्यावा.

वही आणि बी

ही वही म्हणजे काय? पेरणीची तारीख, परागीकरणाची तारीख, दिलेले पाणी आणि खत, आलेली कीड, आणि दर रविवारी फळाची तीन मापे. पहिले माप फळाच्या कमरेचा घेर. दुसरे, एका बाजूच्या जमिनीपासून फळावरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंतचे. तिसरे, देठाकडील जमिनीपासून फुलाच्या टोकाकडील जमिनीपर्यंतचे. या तिन्हींच्या बेरजेवरून जगभरचे उत्पादक वेलावरच फळाचे वजन अंदाजतात. सीमाभागातील तीस जणांनी एक हंगाम ही मापे लिहिली, तर आपल्या हवामानात भोपळा कोणत्या आठवड्यात सर्वांत वेगाने वाढतो आणि केव्हा थांबतो, याची पहिली स्थानिक नोंद हाती येईल. विकत घेतलेल्या कोणत्याही पुस्तकात ती मिळणार नाही.

वहीला जोडून बी. विक्रमी भोपळ्यांच्या बियाण्याला उत्पादक फळाचे वजन, स्वतःचे आडनाव आणि वर्ष असे नाव देतात, आणि त्याखाली परागकण कोणत्या वेलाचे होते तेही लिहितात. डिल यांच्या नंतरची सारी प्रगती या लहानशा चिठ्ठीवर उभी आहे. येथेही प्रत्येक विजेत्याने वीस बिया संयोजकांकडे द्याव्यात आणि पाकिटावर वजन, आडनाव, गाव आणि वर्ष लिहावे. फूल पिशवीत बांधून परागीकरण केले असेल तरच त्या बियांची खात्री देता येते, हे आधीच सांगून ठेवावे. गावठी गटात याचे मोल अधिक आहे. आजीच्या उतरंडीतून आलेले बी बाजारच्या पाकिटापुढे मागे पडते आणि एके वर्षी कोणी न लावल्याने संपते. स्पर्धेच्या निमित्ताने ते दहा घरांत गेले, तर एका घरी संपले तरी नऊ घरी उरते.

वजन झाल्यानंतर फळांचे काय करावयाचे, हेही ठरलेले असावे. गावठी भोपळे शाळेच्या माध्यान्ह भोजनात, घारग्यांत आणि सांबारात उत्तम जातात. मोठ्या वाणाचा गर पाणचट असतो. बिया काढून तो जनावरांना घालावा. काहीही उकिरड्यावर जाऊ नये.

मुलांना भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट ठाऊक असते. डिल यांच्या विंडसर गावात १९९९ साली लोक खरोखरच पोखरलेल्या भोपळ्यांत बसून तळ्यात वल्ही मारू लागले. सीमाभागात तेवढे मोठे फळ यावयास बरीच वर्षे लागतील, आणि ते न आले तरी हरकत नाही. पहिल्या वर्षी साध्य करावयाचे ते एवढेच : येळ्ळूर, कडोली किंवा कोगनोळीतील एखाद्या शाळकरी मुलाने पाव गुंठ्यात वाढविलेल्या फळावर त्याचा क्रमांक असावा, पाकिटावर त्याचे आडनाव असावे आणि पुढच्या दसऱ्याला ते बी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात पडावे. त्यानंतर गोव्याच्या बाजारात ‘हा भोपळा कोणाचा?’ असे विचारणाऱ्याला गावाबरोबर माणसाचेही नाव सांगता येईल.